घरी राहिलेलं टपाल

भित्रेपणात सहादू धोंगडे ऊर्फ नाना यांचा हात धरणारा माणूस घोटीत सापडायचा नाही, आणि ही गोष्ट लोकांनी सांगायच्या आधी ते स्वतःच सांगून मोकळे होतात. कसाऱ्याच्या घाटात एसटी उतरायला लागली की ते डोळे मिटून घेतात. घर सोडताना गॅसचं बटण तीनदा बघतात आणि चौथ्यांदा बायकोला बघायला पाठवतात. बायको म्हणजे लंकाबाई आता आत जातच नाहीत. दारातूनच "बंद हाय, बंद हाय" म्हणतात आणि चपला घालतात.

असा माणूस चौतीस वर्षं खांद्यावर टपालाची पिशवी घेऊन पाड्यापाड्यांतून एकटा फिरला कसा, असं कोणी विचारलं तर त्याचंही उत्तर भीतीच. अंगावर येणाऱ्या कुत्र्यांपेक्षा त्यांना पिशवीतल्या पत्रांची भीती जास्त वाटायची. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका लहान गावातल्या टपालवाल्याच्या माळ्यावर दोन पोती पत्रं सापडली होती. पायपीट नको म्हणून त्यानं ती वाटलीच नव्हती. पंचनाम्याला पंच म्हणून नानांना नेलं. अंगणात ताडपत्री टाकून पोती ओतली, आणि त्या ढिगात गावातल्याच एका पोराचं नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं निघालं. चौदा महिन्यांपूर्वीचं. पोरगा तिथंच उभा होता. त्यानं ते वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. टपालवाल्याला जीपमध्ये बसवून नेलं तेव्हा सगळं गाव त्याच्याकडे बघत होतं, नाना मात्र पोराच्या खिशाकडे बघत होते. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत एकही पत्र त्यांच्या घरी मुक्कामाला राहिलं नाही. रोजच्या तक्त्यात 'शिल्लक टपाल' असा एक रकाना असायचा, आणि त्यात शून्य पडल्याशिवाय नानांना जेवण जायचं नाही.

निवृत्त झाल्यावर निवांत बसतील तर ते नाना कसले. फॉर्म कसलाही असो, त्यात ईमेलचा रकाना असतोच. वरच्या पाड्यांवरचे लोक कधी भाताच्या लावणीला, कधी द्राक्षबागांवर, कधी बांधकामावर. त्यांचं सिमकार्ड हंगामागणिक बदलतं, मग ईमेल कुठून लक्षात राहणार? नानांनी एकाला खातं काढून दिलं, मग त्याच्या मेव्हण्याला, मग मेव्हण्याच्या शेजाऱ्याला. असं करता करता एकेचाळीस खाती झाली. सगळ्यांचे पासवर्ड लाल पुठ्ठ्याच्या वहीत. बाजाराच्या दिवशी, शनिवारी, लोक घोटीत उतरायचे, कांदे-मिरच्या घेऊन झाल्या की नानांच्या पडवीत यायचे, आणि नाना ज्याची त्याला मेल वाचून दाखवायचे. मालक समोर बसलेला नसेल तर मेल उघडायची नाही, हा नियम. रोशनी, संतोष अशा तरुण मंडळींच्या फोनातही त्यांचं खातं होतं, पण तेही शनिवारी येऊन बसायचे. लोक त्यांना टपालनाना म्हणायला लागले, आणि खोटं कशाला, नानांना ते आवडायचं.

कॉम्प्युटर जुना होता. मुलगा महेश नाशिकला सॉफ्टवेअरच्या एका लहान कंपनीत आहे, त्यानं तो ऑफिसातून भंगारात जाताना उचलून आणला आणि त्यावर लिनक्स ही हलकी प्रणाली घालून दिली. म्हातारं यंत्र पुन्हा चालायला लागलं. अडचण होती ती वेगळीच. एका खात्यातून बाहेर पडायचं, दुसऱ्यात शिरायचं, असं शनिवारी चाळीसदा. त्या गडबडीत एकदा वरच्या पाड्यावरच्या दत्तूच्या पुतण्याला मुलीकडच्यांकडून आलेला नकार नानांनी शेजारी बसलेल्या कारभारीला वाचून दाखवला. कारभारीचं लग्न होऊन वीस वर्षं झाली होती. पडवीत लोक पोट धरून हसले, पण नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. एकाचं पत्र दुसऱ्याच्या हातात! त्यांनी महेशला फोन लावला आणि सगळी खाती एकाच ठिकाणी सांभाळणारं, पण एकमेकांत मिसळू न देणारं काहीतरी बसवून दे म्हणून धरणंच धरलं.

महेशनं एका रविवारी येऊन तीन प्रोग्राम बसवून दाखवले. पहिला थंडरबर्ड.

"हा सगळ्यात सोपा, नाना. एकत्रित इनबॉक्स आहे. एकेचाळीस जणांच्या मेल एकाच यादीत."

"एकाच ढिगात?" नाना खुर्चीत ताठ झाले.

"वेगवेगळ्याही ठेवता येतात हो."

पण नानांच्या कानात ढीग शिरला तो शिरला. डोळ्यांपुढे ताडपत्री आली आणि थंडरबर्ड बाद झाला. दुसरा मट. काळी खिडकी, माउसचं काम नाही, सगळं बटणांवर. जाणकार लोक हाच वापरतात, असं महेश म्हणाला. नानांनी भीत भीत एक बटण दाबलं, तर मेलच्या नावापुढे डी उमटला. डी म्हणजे डिलीट, हे कळल्यावर ते खुर्चीतून उठूनच गेले आणि महेशनं ती खूण काढेपर्यंत परत बसले नाहीत. तिसरा क्लॉज मेल. हलका, म्हाताऱ्या यंत्राला दम न लावणारा. डाव्या बाजूला प्रत्येक खात्याला त्याचा त्याचा खण नेमून देता येत होता, अगदी टपाल ऑफिसात भिंतीला वर्गवारीचं लाकडी कपाट असतं तसा. नानांचा चेहरा खुलला.

"हेच," ते म्हणाले. "याला वर्गवारी कळते."

महेशला संध्याकाळची गाडी गाठायची होती. जाता जाता तो म्हणाला, "खातं जोडताना आयमॅप निवडा. त्यात मेल सर्व्हरवरच राहते, आपण इथून नुसती बघतो. आणि अडलं तर थांबा, मला विचारा."

नानांनी मान हलवली. नाना मान नेहमीच हलवतात.

दुसऱ्या रविवारी सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून ते बसले. वहीतलं पहिलं नाव चिमणाबाई. खातं जोडताना प्रोग्रामनं विचारलं, आयमॅप की पॉप? नानांनी दोन्हींची माहिती चष्मा पुसून वाचली. आयमॅपमध्ये मेल तिथंच राहते. पॉपमध्ये ती उतरवून आणली जाते, आणि त्याच्या पूर्ण नावात चक्क पोस्ट ऑफिस होतं. नाना विचारात पडले. वाटलेलं पत्र ऑफिसात राहतं कसं? राहिलं तर ते शिल्लकच की! महेश हुशार आहे, पण त्यानं टपालाची पिशवी कधी खांद्यावर घेतलेली नाही. त्यांनी पॉप निवडलं. पुढे आणखी एक प्रश्न होता, उतरवलेली मेल सर्व्हरवरून किती दिवसांनी काढून टाकायची? चौकटीत आधीपासून सात लिहिलेलं होतं. सात दिवस! चौतीस वर्षांत ज्या माणसानं एक दिवस उशीर केला नाही, त्याला हे कसं खपावं? नानांनी सात खोडून शून्य लिहिलं.

रविवारी एकोणीस खाती झाली, सोमवारी बावीस. सोमवारी दिवेलागणीला त्यांनी हात धुतले आणि लंकाबाईंना सांगितलं, "आज शिल्लक शून्य." लंकाबाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण माणूस पोटभर जेवला म्हणून त्यांनाही बरं वाटलं.

मंगळवारी साडेदहाला संतोषचा फोन आला. तो सातपूरला कारखान्यात असतो. "नाना, माझ्या फोनातल्या मेल गेल्या सगळ्या. एक पण नाय राहिली. तुमच्याकडं काय झालं का?"

नानांच्या तोंडून भरकन निघालं, "सर्व्हरला काहीतरी झालं असंल."

"असंल," म्हणून संतोषनं फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा टपालाच्या बाबतीत नाना खोटं बोलले होते, आणि तेही विचार न करता. कॉम्प्युटरपुढे बसायचं धाडस त्यांना झालं नाही. ते मागच्या दारी जाऊन उगाच झाडांना पाणी घालत राहिले. झाडं सकाळीच पाणी प्यायलेली होती.

बारा वाजून दहा मिनिटांनी रोशनीचा फोन आला. रोशनी म्हणजे वरच्या पाड्यावरच्या दत्तूची मुलगी. तिला नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजचं प्रवेशाचं पत्र मेलवर आलं होतं. गेल्या शनिवारी नानांनीच ते वाचून दाखवलं होतं, आणि दत्तूनं ते दोनदा वाचायला लावलं होतं. छापून घ्यायचं, तर नानांच्या प्रिंटरची शाई वाळलेली. "फोनात हाय ना, नाना," असं म्हणून पोरगी हसत गेली होती. मूळ मेल दाखवायची, तिच्यातला नंबर पडताळून घ्यायचा आणि मंगळवारी एक वाजेच्या आत हजर व्हायचं, असं त्या पत्रात लिहिलेलं होतं.

"नाना, पेटी रिकामी हाय," रोशनीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "ती मेल दिसंना. मॅडम म्हणत्यात एक वाजेपर्यंत दाखव, नाय तर पुढच्या नंबरला बोलवू. मागं लय मुली उभ्या हायेत."

"थांब," नाना म्हणाले आणि फोन कानाला तसाच धरून कॉम्प्युटरपुढे बसले. डाव्या बाजूला खणांची यादी होती आणि प्रत्येक खणापुढे आकडा. रोशनी, दोनशे बारा. संतोष, सहाशे चाळीस. कारभारी, तीनशे. चिमणाबाई, एकोणीस. ते आकडे खालपर्यंत वाचत गेले आणि मग एकदम थांबले. ही सगळी पत्रं इथं होती. इथंच होती. तिकडे सर्व्हरवर शून्य राहिलं होतं, कारण ते शून्य त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

एकेचाळीस जणांचं टपाल त्यांच्या घरात पडलेलं होतं.

नानांना माउसवरून बोट उचलावं की ठेवावं ते कळेना. आता कशालाही हात लावला तर उरलंसुरलंही जाईल असं वाटायला लागलं. बाहेर रस्त्यावर एक जीप थांबली आणि नाना दचकून दाराकडे बघायला लागले. जीप भाताची पोती घेऊन आलेली होती. त्यांना वाटलं, कॉम्प्युटर बंद करावा, वरून चादर टाकावी, फोन बंद करावा आणि इगतपुरीला बहिणीकडे निघून जावं. खरंच वाटलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, पण पायानं त्यांनी चप्पलही चाचपून पाहिली.

"नाना? ऐकताय ना? सर्व्हरला काय झालं का?"

पोरीनं उत्तर आपणहून हातात दिलं होतं. नुसतं हो म्हटलं की सुटले. जिभेवर हो आलंही. आणि तेवढ्यात त्यांना तो पोरगा दिसला, पत्राची घडी घालून खिशात ठेवणारा. त्याच्या तोंडावर तेव्हा राग नव्हता, हेच तर इतकी वर्षं नानांना खात होतं.

"नाही पोरी. सर्व्हरला काही झालं नाही," नाना म्हणाले. "तुझी पत्रं माझ्या घरी हायेत. तिथून काढून मीच आणली. माझ्याकडून चूक झाली."

रोशनी म्हणाली, "मग द्या ना परत, नाना. लवकर द्या."

नानांनी खणातून ते पत्र शोधलं आणि घाईघाईनं तिच्या पत्त्यावर पुढे पाठवून दिलं. बारा एकवीसला तिचा पुन्हा फोन. "नाना, हे चिमणाबाईच्या नावानं आलंय! मॅडम विचारत्यात, ही चिमणाबाई कोण? त्यांना कॉलेजची मूळ मेल पायजे." नाना हादरलेच. चिमणाबाईचं खातं वहीत पहिलं, म्हणून जोडलंही पहिलं, म्हणून प्रोग्रामनं ते मुख्य धरलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव वर स्पष्ट दिसत होतं, पण भीतीनं माणसाला समोरचं दिसत नाही. वर्गवारीच्या त्या कपाटापुढे बसूनही त्यांनी एकीच्या पत्रावर दुसरीचा शिक्का मारला होता.

महेशनं दोनदा फोन कापला, तो मीटिंगमध्ये होता. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा नानांनी सगळं एका दमात सांगितलं. शून्याबद्दलही सांगितलं. महेश काही बोलायच्या आत नानांनी आपण तुरुंगात कोणती औषधं न्यायची इथपर्यंत विचार केला.

"काही बंद करू नका," महेश म्हणाला. "मेल कुठं गेलेल्या नाहीत. रोशनीचं खातं आणखी एकदा जोडा, या वेळी आयमॅपनं. मग डावीकडे दोन रोशनी दिसतील. जुन्या रोशनीतलं पत्र उचलायचं आणि नव्या रोशनीच्या इनबॉक्सवर सोडायचं. ते तिच्या फोनात जसंच्या तसं दिसेल, कॉलेजच्या नावासकट."

"आणि मधेच पडलं तर?"

"कुठं पडेल, नाना?"

"नेताना. तिकडून इकडं नेताना."

एरवी महेश हसला असता. त्या दिवशी हसला नाही. "बरं, उचलू नका. नक्कल करा. मूळ पत्र तुमच्याकडेच राहील, मग तर झालं?"

वहीतून पासवर्ड बघून टाकताना नानांचं पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा चुकलं. तिसऱ्यांदा चुकलं तर खातं बंद होतं की काय, या भीतीनं ते एक एक अक्षर मोठ्यानं म्हणत, बोटानं दाबत गेले. लंकाबाई स्वयंपाकघरातून येऊन मागे उभ्या राहिल्या. त्यांनी खुर्चीची पाठ धरून ठेवली. बारा सत्तेचाळीसला पत्राची नक्कल नव्या रोशनीच्या खणात पडली. नानांनी रोशनीला फोन लावून पेटी पुन्हा बघायला सांगितलं.

"आली!" रोशनी ओरडली आणि फोन कट झाला.

एक वाजला. सव्वा झाला. दीड झाला. फोन येईना. नानांनी लावला तर कोणी उचलेना. मॅडमनं घड्याळ पुढे ठेवलेलं असेल, रांग मोडून पोरीला आत सोडलं नसेल, त्या चिमणाबाईच्या नावानं संशय घेतला असेल. लंकाबाईंनी ताट वाढलं, नानांनी ते नुसतं बाजूला सरकवलं. पाणी प्यायला उठायचीही भीती वाटत होती, तेवढ्यात फोन वाजला तर?

पावणेदोनला दत्तूचा फोन आला. "झालं नाना, घेतली पोरीला!" तो हसतच होता. मग फोन रोशनीनं घेतला.

"नाना, एक सांगू? राग नका धरू. पासवर्ड बदलते मी."

"बदल," नाना म्हणाले. "आणि मला सांगू नको."

महेश त्याच संध्याकाळी आला आणि दोन दिवस राहिला. एकेका खात्याचं सगळं टपाल परत जागेवर गेलं. नानांनी संतोषला फोन करून खोटं बोलल्याची माफी मागितली. संतोष म्हणाला, "जाऊ द्या ओ नाना," पण पासवर्ड त्यानंही बदलला. शनिवारी पडवी भरली तेव्हा नाना उभे राहिले आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं. लोक रागावतील, वही हिसकावून घेतील, असं त्यांना वाटलं होतं. कारभारी एवढंच म्हणाला, "पत्र वाचणं चालू हाय का बंद झालंय?" मग नानांनी एकेकाला कॉम्प्युटरपुढे बसवलं, नवा पासवर्ड टाकायला लावला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या घरातलं कोणी ना कोणी सोबत आलं होतं. जे त्या शनिवारी आले नाहीत ते पुढच्या शनिवारी आले. दुसऱ्या बाजारी संध्याकाळपर्यंत वहीतली चाळीस नावं खोडून झाली, आणि एकेका रेघेसरशी नानांना मोकळा श्वास येत गेला.

राहिली चिमणाबाई. पंच्याहत्तरीची म्हातारी, वरच्या पाड्यावर एकटी. तिचा मुलगा मंगळू लांब बांधकामावर असतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी नातवाचा फोटो आणि चार ओळी मेलवर पाठवतो. तिच्याकडचा फोन बटणांचा. ती आपली खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. पिशवी मांडीवर घेऊन उंबऱ्यावर बसली होती.

"मावशी, तुमचाबी पासवर्ड बदलू. कुणाला तरी संगं आणा, विश्वासाच्या माणसाला," नाना म्हणाले.

"कुणाला आणू? तुझ्याकडंच राहू दे."

"मावशी, माझ्याकडून चुकलं होतं. तुमचीबी एकोणीस पत्रं गेली होती तिकडून."

"व्हय का?" ती म्हणाली. "मला कुठं कळलं असतं रे सहादू? मला कुठं वाचता येतंय? तू वाचशील तेच माझं पत्र. तू नाय आलं म्हणशील, तर नाय आलं." आणि तिनं पिशवीतून दोन पेरू काढून त्यांच्या टेबलावर ठेवले. "वाच आता. मंगळूचं काय आलंय का?"

नाना खुर्चीत बसले. त्या मंगळवारी संतोषनं फोन केला होता, रोशनीनं केला होता. आणखी कोणीतरी केला असताच. चिमणाबाईचा फोन कधीच आला नसता. तिची एकोणीस पत्रं कायमची गेली असती तरी ती दर शनिवारी डोंगर उतरून आली असती, त्यांचं 'नाही आलं' ऐकून, बरं म्हणून परत गेली असती. नानांनी तिचं खातं उघडलं आणि तिच्याकडे न बघता मंगळूचं पत्र वाचायला सुरुवात केली. एकही शब्द सुटू नये म्हणून ते ओळीवर बोट ठेवून वाचत होते.